वैनीनं पाहिलेलं बेट

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं यातलं काही कोणी माझ्यापुढं काढलं की मी उठून चहा टाकायला जाते. अख्खी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. आमच्या गल्लीत एकदा एक बुवा आला होता, हवेतून अंगारा काढणारा. त्याला मी विचारलं, बाबा, हवेतून काढतोसच तर पाऊस काढ, विहिरी आटल्यात. परत फिरकला नाही. तर अशी मी. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून मी बोलते आणि मोबाईल लिहितो. त्याला आमची कळमनुरीकडची बोली कळत नाही, सून नंतर नीट करते. चुका राहिल्या तर तिला बोला, मला नाही.

हे सांगायचं कारण सूनच. मागच्या महिन्यात ती आणि मुलगा मलायाकडच्या एका बेटावर फिरायला जायचं ठरवत होते. पिनांग. संध्याकाळी ती मोबाईलवर मोठ्यानं वाचत होती, बेटावर काय काय बघण्यासारखं आहे ते. डोंगरावर तिरकी चढणारी रेल्वे, धबधब्याची बाग आणि तिथली माकडं, सापांचं देऊळ, मग समुद्रकिनारा... मी शेंगा सोलत ऐकत होते. ऐकता ऐकता हात थांबला. हे सगळं मला ठाऊक होतं. नऊ-दहा वर्षांची होते तेव्हापासून ठाऊक होतं. शेवटी तिनं पर्यटकांसाठीची एक सूचना वाचली आणि मी शेंगांचं सूप खाली ठेवून आत निघून गेले. ‘आई, काय झालं?’ म्हणून ती मागोमाग आली. तिला जे सांगितलं तेच इथं सांगते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर कळमनुरीला, बाजारतळापासून जवळ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आईला माय. शेतीवाडी बरी होती. माझा थोरला भाऊ गोपाळ, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. त्याचं लग्न झालं आणि पुसेगावची वैनी घरात आली. सावळी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, आणि हसायला लागली की पदराचा बोळा तोंडात. मी एवढीशी, पण नात्यानं नणंद. त्यामुळं ती मला ‘वन्सं’ म्हणायची आणि अहोजाहो करायची. मला त्याची फार ऐट वाटायची.

दोघांना एकत्र असं फारसं मिळालंच नाही. लग्नाला वर्ष होत नाही तोवर दादा पलटणीत भरती झाला. आणि जे काही महिने होते त्यातसुद्धा, त्या काळी नवरा-बायकोनं चारचौघांत शेजारी चालणं म्हणजे बेशरमपणाच. एकदा आम्ही बैलगाडीनं आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेलो होतो. दादा पुढं बैल हाकत बसलेला, वैनी मागं माय आणि माझ्यासोबत, त्याच्याकडं पाठ करून. उतरल्यावर तो तरातरा पुढं आणि ही खाली मान घालून आमच्या मागं. तेवढाच त्यांचा प्रवास.

दादाची दोन कार्डं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की आता आम्ही सुपारीच्या बेटावर आहोत, इथं बघायला लई हाय, लढाई संपली की तुमा सगळ्यांना दाखवीन. पिनांग म्हणजे तिकडच्या भाषेत सुपारीच. अण्णांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. ‘सगळ्यांना’ म्हणजे कोणाला, हे घरात सगळ्यांना कळलं, कारण बायकोला कोणी पत्रात नावानं लिहीत नसे. वैनी चुलीपुढं होती. भाकरी करपली. काय काय बघायला आहे ते मात्र दादानं लिहिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. तो लिहायचा महाआळशी.

मग कार्डं थांबली. जपान्यांनी ते बेट घेतलं, पलटण कैद झाली की कापली गेली कोणालाच कळेना.

आमच्याकडं बाजाराच्या दिवशी दुपारी घर रिकामं व्हायचं. माय-अण्णा बाजारात, गडी शेतात. घरी मी आणि वैनी. ती ज्वारी निवडायला बसायची आणि निवडता निवडता भिंतीला टेकून तिचा डोळा लागायचा. एका बाजारी अशीच जागी झाली आणि पदराचा बोळा तोंडात घालून हसायला लागली.

‘काय झालं वैनी?’

‘कोनाला सांगू नका वन्सं. तुमचे दादा आले व्हते. मला फिरायला घेऊन गेले.’

‘कुठं?’

‘तिथंच, त्येंच्या बेटावर. वन्सं, तिथं डोंगरावर आगगाडी जाती. सरळ न्हाई, अशी तिरपी! ती चढाया लागली तवा मी घाबरून त्येंची बाही धरली, तर टर्रकन फाटली की हो. लई हसले.’

आगगाडी मी तोवर पाहिलीच नव्हती, पण ती डोंगर चढत नाही एवढं ऐकून होते. म्हटलं, वैनी, काहीही सांगता का! ती म्हणाली, ‘मला तरी काय ठावं, म्या पाह्यलं ते सांगून राहिले.’

मग दर बाजारी हेच. मला त्याचं वेडच लागलं. बाजारातून येणाऱ्या शेवेपेक्षा वैनीच्या जागं होण्याची मी वाट बघायचे. एकदा धबधब्याच्या बागेत गेली होती. तिथं माकडं माणसाच्या हातातलं हिसकून नेतात, तळ्यात परातीएवढाली पानं तरंगतात. एकदा सापांच्या देवळात. ‘नाग न्हाईत वन्सं, हिरवे हिरवे साप, झाडाच्या फांदीला गुंडाळून निजलेले, कोनी मारत न्हाई. मी दूध न्हेलं न्हाई म्हून जीवाला लागलं बघा.’ एकदा समुद्र. तो तिला सांगताच येईना. म्हणाली, आपल्या तळ्याला पलीकडचा काठच न्हाई असं समजा. काठाला वाकडी वाकडी नारळाची झाडं. दादानं शहाळं फोडून दिलं आणि स्वतः दुसरीकडं बघत उभा राहिला, म्हणजे तिला लाज न वाटता पिता यावं.

मी विचारलं, ‘तुमी त्याच्या मागं चालता का?’

‘न्हाई,’ ती हळूच म्हणाली. ‘बराबर चालतो. मागं न्हाई, पुढं न्हाई.’

‘मग माणसं काही म्हणत न्हाईत?’

‘तिथं कोन वळखतंय आमाला?’

हे सांगताना तिचं तोंड जे फुललं होतं ना... मी नंतर खूप सुखी बायका पाहिल्या, पण तसं तोंड नाही पाहिलं.

समुद्राच्या त्या दिवशी तिच्या पदराचं टोक ओलं होतं. उन्हाळा, घरात पाण्याची बोंब. मी पोरवयात, सरळ तोंडात घालून बघितलं. खारट. आता तुम्ही म्हणाल घाम असेल, डोळ्यांचं पाणी असेल. मीसुद्धा तेच म्हणते. त्याच्यावर मी काही उभारत नाही.

पण हळूहळू तिच्या सांगण्यात आनंद कमी होत गेला. ‘लई वाळलेत हो. गालाची हाडं निघालीत. काय खाल्लं इचारलं तर इषय बदलतात.’ असं म्हणून ती ज्वारीत बोटं फिरवत बसायची.

आणि त्याच सुमारास मायला स्वप्नं पडायला लागली. दादा दारात उभा राहतो, हात पुढं करतो, म्हणतो माय, भूक लागली. माय रात्री दचकून उठायची आणि मग तिच्याच्यानं घास गिळवेना. खंगत गेली. तिकडून कोणाकोणाकडून निरोप यायचे की त्या बेटावरचं कोणी राहिलं नाही. शेजारपाजारचे म्हणू लागले की गोपाळ गेला, आणि क्रियाकर्म झालं नाही म्हणून त्याचा आत्मा उपाशी भटकून राहिला.

माझे अण्णा वाईट नव्हते. हे मला ठासून सांगायचंय, कारण पुढं जे झालं ते कोणी दुष्टपणानं केलं नाही. दारात येऊन जेवायला मागणारा मुलगा, आणि बाप त्याला घास देऊ शकत नाही... काय करावं त्यानं? हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. भटजींनीही तेच सांगितलं. अण्णा म्हणाले, ‘बारा वर्सं लेकराला उपाशी ठेवू का म्हाराज?’ भटजींनी पंचांग उघडलं.

माणूस हरवला, देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग पिंड देता येतो. आमच्याकडं पळसाला काय तोटा?

वैनीला कळलं त्या दिवशी ती पहिल्यांदाच अण्णांच्या समोर आली. एरवी सासऱ्यापुढं तिचं नख दिसत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला.

‘मामंजी, करू नका. उपाशी हायेत हे खरं हाय. आत्याबाईंचं सपान खरं हाय. पन ते जित्ते हायेत. मी मागल्या बाजारी भेटले त्येंला.’

अण्णा म्हणाले, ‘पोरी, तुझी तकलीफ मला दिसत न्हाई का? पन तुझ्या सपनातला जित्ता आन् हिच्या सपनातला मेलेला. मी कोनाचं ऐकू?’

मी मध्येच ओरडले की वैनी खरं सांगतीये, तिनं डोंगरावरची रेल्वे पाह्यलीये! सगळे माझ्याकडं बघायला लागले. मायनं कपाळावर हात मारला. आता पोरीलाही वेड लागलं म्हणाली. माझ्या त्या बोलण्यानं उलट झालं. हिला दिवसा भास होतात, म्हणजे आत्मा हिच्याभोवतीच आहे, असं बायका म्हणू लागल्या.

ओढ्याकाठी पुतळा केला. पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ, आणि मायनं ट्रंकेतून दादाचा सदरा काढून दिला तो अंगावर. मी बांधावरून बघत होते. नारळ बघितला आणि मला शहाळ्याची आठवण झाली, मी रडायलाच लागले. घरी आले तर आळीतल्या म्हाताऱ्यांनी वैनीला मधल्या खोलीत बसवलं होतं. बांगड्या फोडून झाल्या होत्या. एकीनं ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं. कुंकू पुसलं जात होतं तेव्हा वैनी रडत नव्हती. ती फक्त म्हणत होती, ‘पुसू नका वो. आता त्येंच्यापुढं कशी जाऊ? पुसू नका.’ कोणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं, पण मला विचारतो कोण?

पिंडाला कावळा लगेच शिवला. अण्णांना हायसं वाटलं. त्या रात्रीपासून मायची स्वप्नं थांबली, ती दोन घास खाऊ लागली. गाव म्हणालं, बघा, आत्म्याला शांती मिळाली.

पुढचा बाजार आला. घर रिकामं झालं. वैनी सूप घेऊन बसली, पण त्या दिवशी ती झोप यायला नको म्हणून झटत होती. डोळ्यांना पाणी लावत होती, मला म्हणाली, ‘वन्सं, बोलत ऱ्हावा माझ्यासंगं, मला निजू देऊ नका.’ मी बोलत राहिले. पण मी पोर, माझंच बोलणं सरलं. तिची मान कलली.

मी बघत होते. झोपेतच तिचे दोन्ही हात वर आले आणि तिनं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला. दोन्ही मुठींत घट्ट धरला. इतका घट्ट की बोटं पांढरी पडली. आणि ते हात हलत होते हो, कोणीतरी पदर ओढतंय आणि ही सोडत नाहीये असे. घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. मग एक हात सुटला, आणि वैनी अशी किंचाळली की मी सूप लाथाडून अंगणात पळाले.

परत आले तर ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. काय पाह्यलं विचारलं, तर सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. त्यानंतर कधीच बोलली नाही बेटाबद्दल. बाजाराच्या दिवशी ती दुपारभर उभ्यानं काम करायची. बसायचीच नाही.

लढाई संपली. त्यानंतर काही महिन्यांनी एक माणूस आमच्या दारात आला. हाडाचा सापळा, अंगावर पलटणीचा कोट. आखाडा बाळापूरचे गफूरभाई. दादाच्याच तुकडीत होते, दादाबरोबर कैद होते. अण्णांनी त्यांना ओसरीवर बसवलं. मी गूळपाणी नेऊन दिलं आणि तिथंच खांबाला धरून उभी राहिले. माय आत पडून होती. वैनी दाराआड.

गफूरभाई म्हणाले, ‘काका, गोपाळ बहुत दिवस होता माझ्यासंगं. लढाईत न्हाई गेला तो.’



ते सांगत गेले. कैदेच्या आधी सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बेट बघितलं होतं, ती डोंगरावरची गाडी, सापांचं मंदिर, सगळं. कैद झाल्यावर त्यांना रस्त्याच्या आणि बागेच्या कामाला जुंपलं. खायला मूठभर भात. कैक लोक गेले. ‘पन गोपाळ टिकून होता. दुपारची थोडी छुट्टी मिळायची, तवा झाडाखाली डोळे मिटून बसायचा, बाजूला जागा सोडून. मी म्हटलं, अरे जागा काहून सोडतो? तर म्हणाला, घरवाली येती, तिला बेट दाखवून राहिलो. आमी हसायचो. म्हटलं उन्हानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. एक दिवस उठला तर कुडत्याची बाही फाटलेली. आन् हसून राहिला येड्यावानी. म्हणतो, गफूर, तुझी भाभी गाडीत घाबरली.’

मी दाराकडं पाहिलं. दाराआडून काकणांचा आवाज यायला हवा होता, पण वैनीच्या हातात काकणं कुठं होती?

‘तेच्यावरच जगला तो, काका. भात कमी पडला तरी म्हणायचा, तिला अजून अमकं दाखवायचं ऱ्हायलंय. मग एक दिवस...’ गफूरभाईंनी पाण्याचा गडू उचलला आणि न पिता खाली ठेवला. ‘एक दिवस डोळे उघडले आन् नुसता बसून ऱ्हायला. मी इचारलं, काय झालं रे? म्हणाला, आज ती समुद्राकाठी आली व्हती. तोंडावर पदर घेऊन. किती म्हटलं तरी पदर वर करीना. मग वाऱ्यानं उडाला. गफूर, तिच्या कपाळावर कुंकू न्हाई. कपाळ कोरं हाय.’



‘मी समजावलं त्याला, अरे खाब है. तो म्हणाला, न्हाई गफूर. माझ्या घरचे असं उगं करणार न्हाईत. माझा बाप लई इचाराचा मानूस हाय. त्येंनी माझं सगळं केलं असंल, तर मी मेलोच असंन. आपल्याला कळलं न्हाई, एवढंच. त्या दिवसापासून त्यानं भाताला हात लावला न्हाई. माझा वाटाही दिला मी, तोंड फिरवलं. मेलेल्या मानसाला काहून चारतो म्हणाला. थोड्या दिवसांत खतम झाला.’

मग त्यांनी अण्णांकडं पाहिलं आणि साधेपणानं विचारलं, ‘काका, तुमी लोकांनी... काही केलं व्हतं का?’

अण्णांनी डोक्याचं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले, पण पागोटं पुन्हा डोक्यावर चढलं नाही.

तेवढ्यात वैनी उंबऱ्यावर आली. परक्या पुरुषापुढं, सासऱ्यापुढं, उघड्या कपाळानं. ती गफूरभाईंशी बोलत होती, पण मला वाटतं ती दादालाच सांगत होती.

‘मी धरला व्हता वो पदर. दोन्ही हातांनी धरला व्हता. वारा लई व्हता तिथं.’

एवढंच बोलली आणि आत गेली.

आता मी काय म्हणते ते ऐका. माणूस उपासमारीनं मेला, तसे तिथं कितीतरी मेले. भुकेल्या माणसाला भास होतात, विरहात झुरणाऱ्या बाईला स्वप्नं पडतात. इथवर मला सगळं मान्य. डोंगरावरची रेल्वे वैनीनं कुठं ऐकली असेल, असेल बाबा, बाजारात कोणी फौजी बोलला असेल. पण ती फाटलेली बाही? ते कोरं कपाळ? आम्ही कळमनुरीत पुसलेलं कुंकू समुद्रापलीकडं कैदेत बसलेल्या माणसाला कसं कळलं? एवढी वर्षं झाली, मी याच्यावर सगळ्या बाजूंनी डोकं आपटून घेतलंय. काही हाती लागलं नाही.

वैनी शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिली. मला शिकवायचं म्हणून अण्णांशी भांडली तीच. मी मास्तरीण झाल्यावर एकदा नकाशात तिला पिनांग दाखवलं. तिळाएवढा ठिपका. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. जाऊन तिला आता खूप वर्षं झाली. शाळेत दरवर्षी एक धडा यायचा, दिवसा समुद्राकडून जमिनीकडं खारे वारे वाहतात. बाकी सगळा भूगोल मी घडाघडा शिकवायचे. तो धडा मी पोरांना मनातल्या मनात वाचायला सांगायचे आणि खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

आणि सुनेनं त्या संध्याकाळी वाचलेली सूचना, जी ऐकून मी शेंगा टाकून उठले, ती एवढीच होती, की समुद्रकिनाऱ्यावर दुपारी वारा फार असतो, तेव्हा टोपी आणि ओढणी नीट धरून ठेवा.